मित्राकडून भिजून आलेलं पुस्तक

पावसाळ्यात उसनं दिलेलं पुस्तक भिजून परत आलं, तर रुसवेफुगवे नंतर, आधी पुस्तक. ४८ तासांत बुरशी धरू शकते.

पाणी निथळेपर्यंत पुस्तक उभं धरा, पण पानं ओढून उघडू नका. ओला कागद लगेच फाटतो. मग दर १५-२० पानांनंतर एक टिश्यू किंवा कोरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. जास्त कागद कोंबले की पुठ्ठ्याचा कणा तुटतो. दर दोन तासांनी कागद बदला.

पानं नुसती दमट राहिली, की पुस्तक पंख्यासमोर पंख्यासारखंच उघडून उभं करा. उन्हात ठेवायचा सल्ला घरातलं कोणीतरी हमखास देतं. ऐकू नका, पानं वाकडी होतात, पिवळी पडतात. हाताला गार लागेनासं झालं की पाट्याखाली दोन-तीन दिवस दाबा.

गुळगुळीत, चित्रांची पानं मात्र बंद अवस्थेत वाळली की कायमची चिकटतात. ती ओली असतानाच, एकेक करून, सावकाश सुटी करा. आज वेळच नसेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, मासळीपासून लांब. बुरशी थांबते, वाळवणं रविवारी.