सिबूच्या कॉफी शॉपमध्ये पहिल्यांदा फूचाव खाणं खायचंय? मग असं करा

मलेशियातल्या सारावाक राज्यात गेलात आणि तिथल्या सिबू शहरात एक रात्र जरी थांबणार असाल तर हॉटेलचा नाश्ता सोडा, सकाळी सात-साडेसातला सरळ जवळच्या कॉफी शॉपमध्ये जाऊन बसा. 1901 साली वोंग नाई स्योंग यांच्यासोबत चीनच्या फूचाव भागातली माणसं राजांग नदीकाठी शेती करायला आली, त्यांचीच पुढची पिढी अजून हे सगळं बनवतेय, त्यामुळे इथे हे रोजचं खाणं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, दुकान एकाचं असतं पण खाण्याचे स्टॉल बहुतेक वेळा वेगवेगळ्या लोकांचे असतात. म्हणजे टेबल धरायचं, स्टॉलवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि टेबल दाखवायचं, चहा-कॉफी विचारायला दुकानातलं माणूस स्वतः येतं. पैसे बऱ्याचदा ताट समोर आलं की लगेच द्यायचे असतात, म्हणून रिंगिटच्या छोट्या नोटा जवळ ठेवा. नुसतं 'कोपी' म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली कॉफी येते, बिनदुधाची हवी तर 'कोपी ओ', आणि साखरही नको असेल तर 'कोपी ओ कोसोंग'.

पहिली ऑर्डर कांपुआची. दिसायला अगदी साध्या नूडल्स, वर तळलेला कांदा आणि पोर्कचे पातळ काप, बाजूला वाटीभर सूप, आणि बघून वाटतं यात काय विशेष! पण खाली डुकराची चरबी असते, सगळी चव तिच्यात, म्हणून ताट आलं की फोटो-बिटो नंतर, आधी चॉपस्टिकने तळापासून नीट कालवून घ्या, थंड झाल्या की नूडल्स चिकटतात आणि मग मजा गेली. काळा सोया सॉस घातलेल्याही मिळतात, पण पहिल्यांदा साध्याच घ्या, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी 'मी सुआ' नावाच्या शेवया मागवा. आपल्या शेवयांपेक्षाही बारीक आणि खूप लांब, चिकनच्या सूपमध्ये, त्यात तांदळाच्या वाईनचा लाल गाळ घालतात आणि त्याचा आंबूस-गोड वास पहिल्या घोटातच कळतो. वाढदिवसाला दीर्घायुष्यासाठी खातात म्हणून शेवया तोडत नाहीत. भराभर खा, सूप शोषून फुगतात.

तिएन मिएन हू दिसलं तर सोडू नका, तांदळाचं पातळ पीठ गरम कढईच्या कडेने घावनासारखं ओततात, जरा शिजलं की खरवडून खालच्या सूपमध्ये ढकलतात, आणि वरून पांढरी मिरी. बनवताना बघायला मिळालं तर स्टॉलजवळच उभे राहा.

पोर्क किंवा दारू चालत नसेल तर ऑर्डरच्या आधीच विचारा, कारण चरबी नूडल्समध्ये मिसळलेली असते, वरून काढून टाकता येत नाही. सिबूत मुस्लिम दुकानांमध्ये चिकन-बीफचा हलाल कांपुआही मिळतो. शुद्ध शाकाहारी असाल तर मात्र शाकाहारी चिनी दुकानच शोधा.

निघताना कोंपियां बांधून घ्या, त्यासाठी 'तापाओ' एवढंच म्हणायचं. तंदूरसारख्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेले हे छोटे गोल पाव, गरम असतील तर दोन-तीन तिथेच उभ्याउभ्या संपतात. उरलेले दुसऱ्या दिवशी कडक होतात, तव्यावर मंद आचेवर शेकले की परत छान लागतात.