पोटगी थकली? वर्ष उलटायच्या आत अर्ज टाका
कोर्टानं पोरांची पोटगी मंजूर केली पण नवरा पैसेच देईना, तर "देईल की पुढच्या महिन्यात" म्हणून गप बसू नका बघा, थकलेल्या हप्त्याच्या वसुलीचा अर्ज तो ड्यू झाल्यापासून 1 वर्षाच्या आत टाकावा लागतो, नंतर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही. पासबुकाची एंट्री मारून ठेवा, कुठला महिना आला नाही ते लगेच दिसतं. वकिलाला पैसे नसतील तर बेळगावच्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जावा, बायकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, फोन 15100. आणि तो कोल्हापूरला जाऊन बसला तरी निपाणीची ऑर्डर तिथला मॅजिस्ट्रेट लागू करू शकतो, बॉर्डरचं निमित्त चालत नाही! ऑर्डरची कॉपीसुद्धा फुकट असते, कन्नडमधली असली तर वकिलाकडनं नीट समजून घ्या.