नवरा-बायको मिळून टांझानियाच्या खेड्यात शिकवायला जाताय? मग हे वाचा

आमच्या चर्चच्या मंडळीतलं एक तरुण जोडपं टांझानियाला निघालंय, त्यांनी विचारलं काकी काय न्यायचं, कसं शिकवायचं, म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते. आम्ही दोघं वेंगुर्ल्याची, इरिंगाकडच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये दोन वर्षं होतो, संडे स्कूलच्या टीचरांना शिकवायला.

कागदपत्रांचं पटकन सांगते. टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवत बसू नका, रेसिडेन्स परमिट लागतं, बोलावणाऱ्या चर्चलाच मागे लागून करून घ्या. कोकमं, मेतकूट हवं ते न्या पण प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत नको, तिथे २०१९ पासून बंदी आहे. आणि स्वेटर! आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून गेलो नि जूनमध्ये कुडकुडलो, इरिंगा दीड हजार मीटर उंचीवर आहे. आपल्याकडे मिरग लागतो तेव्हा तिकडे कोरडं नि गार, त्यांचा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. पेरणीच्या दिवसात मोठे वर्ग ठेवू नका, आपल्याकडे तरी लावणी सोडून बायबल क्लासला कोण येतंय?

आता घड्याळ. तिथल्या स्वाहिली भाषेत तास दिवस उगवल्यापासून मोजतात, आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा पहिला तास. मी पहिल्याच आठवड्यात ऐटीत सांगितलं, उद्या ‘साआ तीसा’, म्हणजे नववा तास, माझ्या मते सकाळी ९ ला. ९ पासून फळा पुसून बसलोय, चिटपाखरू नाही, ११ ला मला रडू यायला लागलं, नवरा म्हणतो बघ, तुझं भाषण कोणाला आवडलेलं दिसत नाही, आणि दुपारी ३ ला सगळेच्या सगळे टायमावर हजर. चूक माझीच. तेव्हा वेळ सांगताना सहा तासांचा हिशोब आधी करा.

भाषा जायच्या आधी निदान तीन महिने घोका, वाटते तेवढी परकी नाही, चपाती, चाय, साबुनी, कलामु, सगळी ओळखीचीच निघतात. म्हाताऱ्या माणसाला आधी ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘मराहाबा’ म्हणतात, मग पुढची गजाल. हे चुकवलंत तर वर्गात कितीही छान बोला, उपयोग नाही. आपल्या किनाऱ्यावर फादर थॉमस स्टीफन्स आले ते इंग्रज, पण १६१६ ला बायबलची कथा सांगणारं क्रिस्तपुराण छापलं ते मराठीत, नि तेही ओवीत! आपल्याला निदान नमस्कार तरी जमायला हवा ना.

दुभाष्या असेल तर त्याला पाठ आदल्या दिवशीच वाचून दाखवा. वाक्यं तोडून तोडून बोला. आमच्याकडे माझ्या मोडक्या स्वाहिलीचं चर्चचे पाळक तिथल्या हेहे भाषेत करायचे, माझं एक वाक्य, त्यांची पाच मिनिटं, लोक खदाखदा हसतायत, नि मी काय विनोद केला ते मलाच माहीत नाही.

शिकवायला वस्तू घ्या, त्यांच्याच घरातल्या. येशूचा मोहरीच्या दाण्याचा दाखला घ्यायचा होता, एवढ्याशा दाण्याचं मोठं झाड होतं तो, मी मिसळणाच्या डब्यातली मोहरी नेली, प्रत्येकीच्या तळहातावर एकेक दाणा. एका आजीने निरखून बघितला, पदराची गाठ सोडून आपलं उलेझी काढलं, माझ्या मोहरीशेजारी ठेवलं नि म्हणाली, यात नवल काय? बघते तर नाचणी! आपली नाचणी हो, तिथे तिची उजी करतात, म्हणजे साधारण आपली आंबीलच. मग दाखला बाजूलाच राहिला, मुठीतली नाचणी किती रान भरते यावर आजीच तासभर बोलली, मी खाली बसून ऐकलं. माझ्या दोन वर्षांतला सगळ्यात चांगला वर्ग तोच, नि त्यात मी काहीच शिकवलं नाही. पुढच्या वेळी मी पेरलेल्या दाण्यांचा दाखला घेतला आणि आजीलाच उभं केलं.

जोडपं म्हणून जाताय तर वर्ग वाटून घ्या, सगळं नवऱ्यानेच बोलायचं नि बायकोने गाणी शिकवायची असं नको. बायका माझ्याजवळ चुलीपाशी जे बोलल्या ते त्याला कधी कळलंच नसतं. पैसे मात्र परस्पर कोणाच्या हातात देऊ नका, कितीही पोटात तुटलं तरी, कमिटीकडूनच द्या.

आणि कोणी भेट म्हणून कोंबडी देईल, जिवंत, पाय बांधलेली. नको म्हणू नका. आमची सहा महिने अंडी देत होती.