एचआयव्हीच्या गोळ्या सुरू कशा करायच्या आणि सुटू कशा द्यायच्या नाहीत

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पहिले दोन-चार दिवस डोकंच चालत नाही, म्हणून हे आधीच वाचून ठेवा किंवा ज्याला गरज आहे त्याला पाठवा (आणि पाठवायच्या आधी त्याचा फोन अजून कोण कोण बघतं ते विचारा, प्लीज).

मी डॉक्टर नाही, लोकांबरोबर एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सेंटरला जाते एवढंच. सेक्स वर्कर बायका, तृतीयपंथी, गे मुलं, सुईने नशा करणारे, कामासाठी सतत जागा बदलणारे, रस्त्यावर झोपणारे, जेलमधून सुटलेले, सगळे येतात. आणि खरं सांगू, नुसतं विसरल्यामुळे औषध सुटलंय असे फार थोडे बघितले मी. सुटतं ते लपवण्यापायी. गोळीची वेळ झाली आणि खोलीत चार जण बसलेत, डबी काढायची कशी, मग आज राहू दे, उद्या राहू दे, आणि मग एवढे दिवस गेले आता कुठल्या तोंडाने जायचं. म्हणून खाली औषधाइतकंच लपवण्याबद्दल लिहिलंय.

आधी सुरुवात. पूर्वी सीडी फोर (आजारांशी लढणाऱ्या पेशींचा रक्तातला आकडा) खाली येईपर्यंत थांबायला लावायचे, ते दिवस गेले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की पॉझिटिव्ह आहे ना, मग सीडी फोर कितीही असो, औषध द्या. २०१७ पासून तर सात दिवसांच्या आत, आणि माणूस तयार असेल तर त्याच दिवशी. थांबायची खरी कारणं थोडीच आहेत. खोकला, ताप, रात्री घाम, वजन उतरणं असं काही असेल तर आधी टीबी बघतात, टीबी निघाला तर त्याची औषधं आधी आणि साधारण दोन आठवड्यांत ही गोळी. खूप डोकं दुखतंय, मान आखडलीय तर मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन असू शकतं, तिथे मात्र काही आठवडे थांबणं बरोबर असतं, कारण घाईत सुरू केलं तर उलटू शकतं. म्हणून ही लक्षणं सांगायला लाजू नका.

बाकी ‘आधी नशा सोडून ये’, ‘दारू बंद कर मग बघू’, ‘असा वेश करून आलास, नाव तर पुरुषाचं आहे’ ही काही मेडिकल कारणं नाहीत, त्याला अडवणूक म्हणतात. असं कोणी बोललं तर भांडत बसू नका, दमायला होतं आणि काम पण होत नाही. शांतपणे विचारा, औषध आज न द्यायचं कारण फाइलमध्ये लिहून द्याल का? निम्म्या वेळा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर दुसरा माणूस, दुसरं सेंटर, किंवा ज्याला तिथे दोन लोक ओळखतात असा कोणीतरी बरोबर न्या. पहिल्या दिवशी एकट्याने जाऊच नका.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरवून घ्या. हाक कुठल्या नावाने मारायची ते, आणि फोन आला तर कुठल्या नंबरवर आणि बोलायचं काय. दुसरी फार महत्त्वाची आहे. आमच्याकडच्या एका बाईकडे स्वतःचा फोन नव्हता, तिने शेजारणीचा नंबर दिला. एकदा तिला जायला उशीर झाला तर फोन आला, ‘तुमच्या शेजारच्या बाई गोळ्या न्यायला आल्या नाहीत.’ शेजारीण म्हणाली, कसल्या गोळ्या? झालं. ती बाई पाच महिने गायब.

आता गोळी. बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसांना टीएलडी देतात, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा, जेवून किंवा उपाशी कशीही चालते. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं होतं कधी कधी, बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत जातं. झोप उडाली तर गोळी सकाळी घ्या. वजन वाढू शकतं, ते पण सांगून ठेवते. आणि किडनीची टेस्ट सांगितली तर टाळू नका, टेनोफोव्हिरमुळे ती बघावी लागते.

कशाबरोबर जमत नाही ते नीट वाचा. ॲसिडिटीचं जे पातळ औषध किंवा चघळायची गोळी असते ती आणि टीएलडी एकत्र घेतली तर औषध अंगाला लागतच नाही. टीएलडी आधी घ्या आणि ते दोन तासांनी, किंवा ते आधी घेतलं असेल तर सहा तास थांबा. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांना पण हाच नियम, फक्त त्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतल्या तर चालतं, प्रेग्नंट बायकांनी हे लक्षात ठेवा. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांनी लागते, ती मागून घ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरला सांगा, त्याचा डोस कमी करावा लागू शकतो. तृतीयपंथी मैत्रिणी नेहमी विचारतात की हार्मोन बंद करायचे का, तर टीएलडीमुळे हार्मोनला अडचण येत नाही, दोन्ही चालू ठेवा, फक्त काय घेताय ते डॉक्टरपासून लपवू नका. नशा सोडायला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांना पण हेच. मात्र एचआयव्हीच्या जुन्या औषधावर, इफाविरेन्झवर असाल तर मेथाडोन कमी पडून अंग दुखायला लागतं, मग लोक एचआयव्हीचीच गोळी सोडतात. त्यापेक्षा जाऊन डोस ॲडजस्ट करून घ्या.

आणि दारू. ‘आज प्यायलोय म्हणून गोळी नाही घेतली’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय. अहो घ्या. दारूचा त्रास लिव्हरला आहेच, पण प्यायलात म्हणून गोळी चुकवण्यात काहीच फायदा नाही.

लपवायचं कसं? डबी हलवली की खडखड वाजते, चालताना पिशवीत सगळ्यांना ऐकू येते, तर वर कापसाचा बोळा घाला. लेबल फाडायचं असेल तर आधी गोळीचं नाव आणि डोस कुठेतरी लिहून ठेवा किंवा फोटो काढा. डबीत जी छोटी पुडी असते ओल शोषणारी, ती फेकू नका. बाहेर जाताना सगळी डबी न्यायची गरजच नाही, दोन-तीन दिवसांच्या गोळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा. रस्त्यावर राहत असाल तर स्टॉक विश्वासाच्या माणसाकडे किंवा ड्रॉप-इन सेंटरला, आणि स्वतःकडे फक्त आठवड्याचा. कोणी विचारलंच तर एकच उत्तर आधी ठरवून ठेवा, व्हिटॅमिनची आहे, थायरॉइडची आहे, काहीही, पण रोज तेच. आणि जमलं तर एका माणसाला खरं सांगा. फक्त एकच, पण निवडून. नवरा मारहाण करणारा असेल तर त्याला आधी सांगायची काही जबरदस्ती नाही, काउन्सेलरशी बोलून मार्ग काढा.

वेळेचं म्हणाल तर घड्याळापेक्षा सवयीला बांधा. रात्रभर काम करणाऱ्याची सकाळ दुपारी दोनला होते, तर दोनला घ्या, उठल्यावर पहिला चहा आणि गोळी. राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या डोसला चार तासांपेक्षा कमी उरले असतील तर सोडून द्या. दोन एकदम नको.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड करतात, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट, मग बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. तो ‘अनडिटेक्टेबल’, म्हणजे टेस्टमध्ये दिसणारच नाही इतका कमी आला आणि तसाच राहिला तर सेक्समधून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. शून्य. २०१९ ला आलेल्या पार्टनर टू अभ्यासात पुरुष जोडप्यांनी मिळून सुमारे ७६ हजार वेळा कंडोमशिवाय सेक्स केला होता आणि जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही केस निघाली नाही. बाकीच्या आजारांसाठी कंडोम लागतोच, ते वेगळं. लोड १००० च्या वर आला तर घाबरू नका, पण किती गोळ्या चुकल्या ते खरं सांगा, खोटं सांगितलंत तर डॉक्टर समजणार औषधच काम करत नाही आणि उगाच बदलून देणार.

जागा बदलताय तर ट्रान्सफरचा कागद घ्या, घाईत निघालात तर किमान सेंटरच्या कार्डाचा फोटो तरी. लोड आटोक्यात असेल तर तीन ते सहा महिन्यांचा स्टॉक एकदम देता येतो, मागा, न मागता कोणी देत नाही.

आणि सुटलंच तर? परत जा. गॅप किती महिन्यांचा पडला ते खरं सांगा, सीडी फोर पुन्हा करून घ्या, २०० च्या खाली असेल तर टीबी आणि बुरशीच्या इन्फेक्शनची तपासणी मागा. हिपॅटायटिस बी असणाऱ्यांनी तर अजिबात उशीर करू नका, टीएलडीमधली दोन औषधं त्यावर पण काम करत असतात आणि बंद झाली की लिव्हर भडकू शकतं. परत आल्यावर ओरडा बसेल कदाचित, दहा मिनिटांचा. बसू दे.

ती शेजारणीच्या नंबरवाली बाई पाच महिन्यांनी आली, वाळलेली, तोंडात पांढरं झालेलं. औषध पुन्हा सुरू झालं. तिच्या सांगण्यावरून फाइलमध्ये आता माझा नंबर आहे, तारीख जवळ आली की मी निरोप पाठवते, ‘ब्लाउज शिवून झालाय, घेऊन जा.’ परवा तिचा उलटा निरोप आला, यावेळी सहा ब्लाउज मागून ठेव म्हणे.