कोकण किनाऱ्यावर अतिनील किरणांच्या जमिनीवरील आणि उपग्रहीय नोंदींची तुलना कशी करावी

जमिनीवर पोहोचणारी अतिनील किरणे उपग्रह थेट मोजत नाही, हे तुलनेपूर्वीच ध्यानात घ्यावे. ऑरा उपग्रहावरील ओएमआय किंवा २०१७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या सेंटिनेल-५पीवरील ट्रोपोमी ही उपकरणे वातावरणातून परत फिरलेला प्रकाश टिपतात. त्यावरून ओझोन व ढग यांचा अंदाज बांधला जातो आणि जमिनीवरचा आकडा गणिताने काढला जातो. रत्नागिरीच्या सड्यावर बसवलेला रेडिओमीटर मात्र त्याच जागेवर पडणारी किरणे मोजतो. त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत की लगेच एकाला चुकीचे ठरवण्याआधी, दोघांनी एकाच वेळी, एकाच आकाशाखाली, एकच राशी मोजली आहे का, हे तपासावे.

राशीचा प्रश्न सोपा असूनही सर्वाधिक घोळ त्यातच होतो. अतिनील निर्देशांकासाठी किरणांना त्वचा लाल होण्याच्या परिणामानुसार भार दिलेला असतो, आणि असे २५ मिलीवॅट प्रति चौरस मीटर म्हणजे निर्देशांक १. बाजारातील अनेक स्वस्त मापक प्रामुख्याने यूव्ही-ए पट्ट्याला, म्हणजे अतिनील किरणांतील लांब तरंगलांबीच्या भागाला, प्रतिसाद देतात. त्यांचा आकडा २५ ने भागून निर्देशांक मिळत नाही.

वेळेच्या बाबतीत कोकणाची एक अडचण आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, तर रत्नागिरी साधारण ७३.३ अंशांवर, म्हणून तेथे सूर्य माथ्यावर सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी येतो, फेब्रुवारीत तर सुमारे १२.५० ला. उपग्रह दुपारी दीडला जातो असे म्हणतात तेव्हा तो स्थानिक सौर वेळेचा दीड असतो, घड्याळात दोन वाजून गेलेले असतात. शिवाय उपग्रह एका फेरीत जमिनीचा जो पट्टा टिपतो तो रुंद असल्याने नेमकी वेळ रोज बदलते. ती माहितीसंचातून घ्यावी, ती जागतिक वेळेत (यूटीसी) असते म्हणून त्यात साडेपाच तास मिळवावेत आणि जमिनीवरील नोंदींची त्या क्षणाच्या आगेमागे दहा-पंधरा मिनिटांची सरासरी काढावी.

यापुढचा प्रश्न पिक्सेलचा, म्हणजे उपग्रह ज्या चौकटीसाठी एकच आकडा देतो तिचा, आणि खरी कसोटी येथेच लागते. ओएमआयचा पिक्सेल उपग्रहाच्या थेट खाली १३ बाय २४ किलोमीटरचा असतो व कडेला आणखी मोठा होतो. एवढ्या चौकटीत समुद्र, पुळण, जांभ्याचा कातळ सहज मावतात. चौकट पूर्वेकडे सरकली तर सह्याद्रीचा पायथाही येतो. दुपारी खारे वारे सुटल्यावर किनारा निरभ्र आणि डोंगराकडे ढग, असे चित्र अनेकदा दिसते. अशा वेळी उपग्रहाचा आकडा कमी आला तर आश्चर्य नाही. म्हणून आरंभ डिसेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र दिवसांनी करावा, आणि पिक्सेलचे केंद्र आपल्या जागेपासून किती दूर आहे, ते प्रत्येक नोंदीसोबत लिहावे.

उपकरण समतल असावे, माडाच्या झावळ्यांची सावली पडू नये, आणि रात्रीचा आकडा शून्य नसेल तर तो वजा करावा. काचेच्या घुमटावर मिठाचा थर साचतो, तो आकडा हळूहळू खाली ओढतो आणि उपग्रह उगाचच जास्त दाखवणारा ठरतो. निरभ्र दुपारी पुसण्याच्या आधीचा व नंतरचा आकडा वहीत लिहिला, तर थराचा परिणाम कळतो. (वही कंटाळवाणी वाटते, पण वर्षाअखेरीस तीच कामी येते.)

आता उपग्रहाचा आकडा जमिनीवरच्या आकड्याने भागावा. समजा, जमिनीवर २४० मिलीवॅट, म्हणजे निर्देशांक ९.६, आणि उपग्रहाचा १०.८, तर गुणोत्तर सुमारे १.१३ येते. एका दिवसाच्या गुणोत्तराला अर्थ नाही. अनेक दिवसांचा मध्यक पाहावा. तो वर्षभर १ च्या एकाच बाजूला राहत असेल, तर उपकरणाचे अंशांकन (प्रमाणित मापाशी केलेली जुळणी) प्रथम तपासावे. धुरकट दिवसांत तो वाढत असेल आणि पावसाने हवा धुऊन निघाल्यावर ऑक्टोबरात खाली येत असेल, तर संशय किरणे शोषणाऱ्या कणांवर जातो, कारण उपग्रहाच्या गणितात ते पुरेसे धरलेले नसण्याची शक्यता असते.

पावसाळ्यातील नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. फाटलेल्या ढगांच्या कडांवरून परावर्तित प्रकाशामुळे जमिनीवरचा आकडा क्षणभर निरभ्र आकाशापेक्षाही वर जातो, तर पुढच्याच मिनिटाला निम्म्यावर येतो. म्हणून जून ते सप्टेंबरसाठी क्षणांऐवजी महिन्याच्या सरासऱ्याच एकमेकांसमोर ठेवाव्यात.