सूर्यकिरणची नवी कसरत बघायला निघण्याआधी

तयारी आठवडाभर आधी सुरू करा, आणि जुन्या कार्यक्रमापासून सुरू करा. सूर्यकिरण म्हणजे आपल्या हवाई दलाचा नऊ विमानांचा कसरती संघ. त्याच्या कार्यक्रमात यंदा काहीतरी नवं आहे असं कानावर आलं की आपण थेट मैदान गाठतो. मग नऊ विमानं एकदम डोक्यावर येतात आणि जुनं कुठलं, नवं कुठलं, काही उमगत नाही. पहिल्या दोन वेळा माझं असंच झालं. म्हणून गेल्या एक-दोन वर्षांतल्या शोचे व्हिडिओ बघा. तुकडे नकोत, अख्खा कार्यक्रम बघा. वहीत क्रम लिहून काढा: नऊ विमानं एकत्र कधी येतात, कधी फुटतात, जोडी सुटी कधी होते, धुराचं बदाम कोण काढतं आणि त्यातून बाण कोण नेतं. हा क्रम डोक्यात बसला की शोच्या दिवशी अनोळखी वळणाशी डोळा आपोआप अडखळतो. ते वळण नवं.

संघाची ओळखही करून ठेवा. बिदरचा हवाई तळ, ५२ वी स्क्वाड्रन, १९९६ साली किरण मार्क २ विमानांवर सुरुवात. आम्हा उदगीरकडच्या माणसांना बिदर परकं नाही, त्यामुळे हा संघ मला शेजारचा वाटतो. २०११ च्या एअरो इंडिया या बंगळुरूच्या विमान प्रदर्शनानंतर किरण विमानं प्रशिक्षणासाठी हवी होती म्हणून संघ थांबवला गेला, आणि २०१५ मध्ये हॉक मार्क १३२ या जेट विमानांवर तो पुन्हा उभा राहिला. तेव्हा पहिल्या दिवसापासून नऊ विमानं उडाली नाहीत. आधी मोजकी, मग वाढवत वाढवत नऊ.

नवी कसरतही अशीच वाढते. ब्रिटनच्या हवाई दलाच्या रेड ॲरोज संघाचं उदाहरण घ्या. त्यांचा कार्यक्रम दर मोसमाला नव्याने बांधला जातो. हिवाळाभर तीन-चार विमानांचे छोटे गट उडतात, दिवसाला तीन-तीन वेळा, आणि प्रत्येक उड्डाणाचं चित्रीकरण बघून चुका काढल्या जातात. नऊ विमानं एकत्र येतात ती वसंत ऋतूच्या तोंडावर. शेवटी वरिष्ठ अधिकारी अख्खा कार्यक्रम पाहून मान्यता देतात, आणि तोवर हिरव्या पोशाखात उडणारे वैमानिक त्यानंतरच लाल पोशाख चढवतात. आपल्याला अर्धा मिनिट दिसणाऱ्या वळणामागे एवढे महिने असतात. ते माहीत असलं की बघण्याची तऱ्हा बदलते, म्हणून हे यादीत वर ठेवलं आहे.

आता हाताचे तळवे वापरा. हे पोरकट वाटेल, पण करून बघाच. फ्रान्सच्या पत्रुई द फ्रान्स संघाचे वैमानिक उड्डाणाआधी डोळे मिटून बसतात, लीडर, म्हणजे पुढे उडणारा प्रमुख, आज्ञा म्हणत जातो आणि सगळे त्या तालावर हात हलवून कार्यक्रम मनातल्या मनात उडवतात. त्याला ते ‘म्युझिक’ म्हणतात. तुम्ही उजवा तळवा लीडर धरा, डावा बाजूचा. उजवा तळवा स्वतःभोवती गरकन फिरवलात तर डावा जागच्या जागी फिरून चालणार नाही. त्याला उजव्याच्या भोवती मोठं वर्तुळ कापावं लागेल. नऊ विमानं मिळून अशी गिरकी घेतात त्या रोलमध्ये नेमकं हेच होतं. कडेच्या विमानांना त्याच वेळात जास्त अंतर कापायचं असतं, आणि ती मागे पडू नयेत म्हणून लीडर आपल्या इंजिनाची सगळी ताकद वापरत नाही, थोडी राखून ठेवतो. तेव्हा शोमध्ये लीडरकडे एकदा बघा आणि मग नजर टोकाच्या विमानावर न्या. कस तिथे लागतो.

बाजूच्या वैमानिकाची नजर जमिनीवर नसते, लीडरच्या विमानावर खिळलेली असते. १८ जानेवारी १९८२ ला अमेरिकेच्या थंडरबर्ड्स संघाची चार टी-३८ विमानं नेवाडातल्या सरावात शेजारी-शेजारी राहून लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, काढताना जमिनीवर आदळली. लीडरच्या विमानाची नियंत्रणं अडकली होती आणि बाकीचे तिघे त्याच्याकडे बघून उडत होते. विश्वास कशाला म्हणायचं ते मला ही घटना वाचून कळलं.

शोच्या सकाळी आकाश बघा आणि ढगांची उंची विचारात घ्या. रेड ॲरोजकडे तीन तऱ्हांचे कार्यक्रम तयार असतात. ढगांचा तळ ५,५०० फुटांच्या वर असला तर लूपसह पूर्ण कार्यक्रम, २,५०० च्या वर असला तर फक्त रोल, आणि त्याहून खाली आला तर सपाट वळणं. आकडे संघागणिक बदलतात, तत्त्व तेच. नवी कसरत उभ्या रेषेत वर जाणारी असली आणि ढग खाली उतरले असले, तर त्या दिवशी ती गाळली जाणार. शेजारी कोणी कुरकुरलं तर त्याला हे समजावून सांगा. लीडर चांगला असल्याची ती खूण आहे. जमलं तर रंगीत तालमीच्या दिवशीही जा, म्हणजे एका दिवशी हुकलेलं दुसऱ्या दिवशी मिळेल.

जागा निवडताना दोरीच्या पुढे जाऊ नका, कोणी सोडलं तरी जाऊ नका. २८ ऑगस्ट १९८८ ला जर्मनीत रामस्टाईन इथे इटलीच्या फ्रेचे त्रिकोलोरी संघाची विमानं बदामाची कसरत करताना एकमेकांवर आपटली. बदामातून आरपार जाणाऱ्या विमानाचा मार्ग प्रेक्षकांच्या दिशेने होता. ७० जीव गेले, त्यात तीन वैमानिक. प्रेक्षक आणि विमान यांच्यातल्या अंतराचे नियम त्यानंतर युरोपात कडक झाले. जागा शक्यतो मध्यावर घ्या, कारण समोरासमोर येणारी जोडी एकमेकांना ओलांडते ती तिथेच. मरीन ड्राइव्हसारख्या ठिकाणी तोंड पश्चिमेला असतं. कार्यक्रम दुपार कलल्यावर असेल तर टोपी आणि गॉगल हवाच.

पाणी न्या. माणशी दोन बाटल्या, लहान मुलांसाठी वेगळी. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाचा शो बघायला लाखो लोक आले, आणि उन्हाच्या तडाख्याने व गर्दीच्या हालाने पाच माणसं दगावली. म्हणून म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर परतीचा रस्ता आधी ठरवा. शो संपल्यावर अर्धा तास बसून राहा, गर्दी ओसरू द्या.

खाणं न्या, पण भेळेचा कागद, उष्टं, हाडकं काही तिथे टाकू नका. घारी येतात. २०२३ च्या एअरो इंडियाच्या वेळी बंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळाच्या १० किलोमीटर परिसरात मांसविक्री बंद ठेवली होती, ती याच धास्तीने. एकमेकांच्या एवढं जवळ उडणाऱ्या वैमानिकाला पक्षी चुकवायला बाजूला जागाच नसते. शो संक्रांतीच्या आसपास असला तर मुलांचे पतंग घरीच ठेवा. ड्रोनचा विचारही नको. तान्ह्या बाळाच्या कानांसाठी कापूस पुरत नाही, कान पूर्ण झाकणारे मफ घ्या.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच: नवी कसरत पहिल्यांदा बघताना तो खाली ठेवा. फोटो दुसऱ्या दिवशी काढा.

धूर मात्र नीट बघा. गरम एक्झॉस्टमध्ये डिझेल सोडलं की त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत पांढरा धूर बनतो. रंग मिसळला की तिरंगा. हॉकवर धूर सोडणारे पॉड, म्हणजे डबे, बसवण्याचं काम आपल्या नाशिकजवळ ओझरला हवाई दलाच्या बेस रिपेअर डेपोत झालं, हे बरोबरच्या मुलांना जरूर सांगा. धूर हा विमानाने मागे ठेवलेला नकाशा असतो. विमान निघून गेल्यावर दोन-तीन सेकंद त्या रेषेकडे बघा. वळण गुळगुळीत आहे की कुठे खांदा निघाला आहे, ते तिथे दिसतं.

समोरासमोरच्या जोडीसाठी डोळ्यांची तयारी ठेवा. प्रत्येकाचा वेग ताशी ६०० किलोमीटर धरला तर दोघांतलं अंतर सेकंदाला सव्वातीनशे मीटरहून जास्त भरभर आटतं. दोन्हींकडे एकदम बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. एक विमान निवडा, त्याच्यावर नजर ठेवा, दुसरं आपणहून चौकटीत शिरेल.

शेवटी वहीत एक ओळ मोकळी सोडा. १९ फेब्रुवारी २०१९ ला, एअरो इंडिया सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, येलहंकाला सराव करताना सूर्यकिरणची दोन हॉक एकमेकांना धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. तेव्हापासून मी कार्यक्रम सुरू होताना विमानं मोजतो, एक ते नऊ, आणि कार्यक्रम संपवून ती परत फिरतात तेव्हा पुन्हा मोजतो. तुम्हीही मोजा. नऊ भरली की त्या ओळीत लिहा, आणि मग चटई गुंडाळा.