द्राक्षाच्या घडात प्रोब लेन्स शिरवताना

लाओवा कंपनीची 24 मिमी प्रोब लेन्स, म्हणजे बारीक फटीत शिरवायची लांब नळीसारखी मॅक्रो लेन्स, साधारण 41 सेंटिमीटर लांब, पुढची नळी 20 मिमी जाड. आपल्या दिंडोरी-निफाडकडचा निर्यातीचा मणी 16 ते 18 मिमीचा. म्हणजे नळी मण्यापेक्षा जाड. भरलेल्या घडात तिला वाट करून द्यावी लागते. मांडवाखाली वारा असतो, म्हणून घड देठासकट कापून आत आणा, स्टँडला टांगा आणि थिनिंगच्या (मणी विरळ करण्याच्या) कात्रीने 30 मिमीची वाट मोकळी करा. पकडायचं ते देठालाच. मण्यावरचा पांढरट मेणाचा थर बोट लागलं की जातो आणि परत येत नाही. 2:1 मोठेपणात, म्हणजे सेन्सरवर वस्तू दुप्पट उमटते तेव्हा, फुलफ्रेम (36 मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जेमतेम 18 मिमी रुंदी मावते, एकच मणी पडदाभर होतो. मग बोटाची रेघन् रेघ दिसते. ताजेपणासाठी पाण्याचा फवारा मारण्याची सवयही इथे सोडा, त्याच थरावर डाग पडतात.

खरी अडचण उजेडाची. या लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त एफ 14 पर्यंतच उघडतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). एफ 2.8च्या मानाने हा उजेड पंचविसावा हिस्सा. टोकावरचे एलईडी मदतीला आहेत, पण गुळगुळीत मण्यात त्यांच्या ठिपक्यांचं कडं उमटतं. ते मंद ठेवा. मुख्य दिवा 200 वॅटचा, रिफ्लेक्टर लावून, घडाच्या मागून अर्ध्या मीटरवर. मागून उजेड आला की हिरवा मणी आतून पेटल्यासारखा दिसतो, गरातल्या शिराही उठून येतात. दिवा नसेल तर सकाळचं ऊन आरशाने घडावर फिरवा. हा उपाय आम्हाला फार आवडतो, कारण उन्हाइतका उजेड भाड्याच्या दिव्यातून मिळवणं महाग पडतं. अंधार वाटला तर आयएसओ वाढवा. शटर सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओला 1/50 ठेवा.

छिद्र एफ 40 पर्यंत बंद करण्याचा मोह टाळा. फोकसमधली खोली थोडी वाढते, पण विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. एफ 14वर, पूर्ण मोठेपणात, स्पष्ट दिसणारी खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून फोकसची रिंग फिरवत बसू नका: फोकस एकदा बसवा आणि पूर्ण कॅमेराच स्लायडरवर सरकवा, सेकंदाला 2 ते 5 मिमी. लेन्स लांब असल्याने मागचा बारीक धक्का टोकाला मोठा होऊन पोचतो. नळीच्या मागच्या जाड भागाखाली 15 मिमी रॉडचा आधार द्या, बोटाऐवजी रिमोटने रेकॉर्ड सुरू करा.

लेन्सला इलेक्ट्रॉनिक जोडणी नसते. कॅमेरा 'लेन्स नाही' म्हणून अडला तर मेनूत लेन्सशिवाय शूट करण्याची परवानगी चालू करा. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावा, पण त्याच्यावर विसंबू नका, चित्र मोठं करून पाहा.

आत शिरण्याचा शॉट उलटा घ्या. टोक घडाच्या पोटात नेऊन फोकस पक्का करा, तिथून मागे सरका आणि एडिटमध्ये उलटवा. आत जाताना नळी मण्याला टेकते, घड हलतो. बाहेर येताना ते होत नाही. फक्त देठावरून थेंब ओघळत असेल तर तो वर चढताना दिसेल.

मिसळीच्या तर्रीवर शूट करायचं झालं तर वाफेने काच धुरकटते. एलईडीची वायर काढून टोक आधी कोमट पाण्यात मिनिटभर धरा आणि पुसा. पाणी चालतं ते पुढच्या नळीपुरतंच. मागच्या वायरच्या खाचेपर्यंत जाऊ देऊ नका. उकळत्या रश्श्यात तर टोक बुडवूच नका.